संजीव सरांचा लांबट चेंडू

मी एक चेंडू बोलतोय; पण गोल नव्हे, दोन्ही टोकांना निमुळता. कतारमधल्या दोह्यात मला हातात घेणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "हा रग्बीचा का?" नाही हो. मी अमेरिकन फुटबॉलचा. नाव फुटबॉल आणि खेळ बहुतेक हातांचा!

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. कातड्याचे चार तुकडे आधी उलटे शिवले, मग वाफेवर मऊ करून एका बाईनं सगळा जोर लावून मला सुलटं केलं. त्या वाफेत जी गुंगी आली ती अजून पुरती उतरलेली नाही. म्हणून माझं बोलणं जरा स्वप्नातल्यासारखं वाटेल.

मी ज्या व्यावसायिक संघात गेलो, तिथे संजीव सर सहायक प्रशिक्षक होते. आठव्या वर्षी आईवडिलांबरोबर नाशिकहून अमेरिकेत आलेले. स्वतः खेळाडू बेताचेच, पण सामन्यांचे व्हिडिओ बघून बघून त्यांनी खेळ डोक्यात भरून घेतला होता. एकोणीस वर्षांत सात संघ, सात शहरं. दर वेळी त्यांची पत्नी गार्गी सामान बांधायची आणि नव्या गावात नवी नोकरी शोधायची.

दर हंगामाआधी एक नकोसं काम सरांकडे यायचं. ज्यांना संघातून काढायचं, त्यांना तसं सांगणं. "यादीत तुझं नाव नाही. गुड लक." हात मिळवायचा आणि दाराकडे बघायचं. मी टेबलावरच असायचो. दांडगे दांडगे गडी त्या दारातून एवढेसे होऊन जाताना मी पाहिलेत.

मग एका सोमवारी तेच वाक्य सरांना ऐकवलं गेलं. खोक्यात वह्या, कॉफीचा मग आणि सगळ्यात वर मी.

त्याच वर्षी गार्गीताईंना कतारमध्ये एका गॅस कंपनीत इंजिनिअरची जागा मिळाली. "या वेळी तू माझ्यामागून ये," त्या म्हणाल्या. सर आले. दोह्यातल्या अल दुहैल भागातल्या घरात मी वर्षभर कपाटावर पडून होतो. अंगातली हवा हळूहळू निघून चालली होती. एसीच्या गारव्यात मला हिरवळीची स्वप्नं पडायची. पांढऱ्या रेघा पाण्यावर तरंगतायत, मी गिरक्या घेत चाललोय आणि खाली कुणाचेच हात नाहीत.

एक दिवस एसी दुरुस्त करायला आलेल्या माणसानं मला उचललं. नाव शफीक, मूळचा श्रीवर्धनचा, राहायला नजमा वस्तीत एका खोलीत सहा जणांबरोबर. गार्गीताईंना फोनवर मराठीत बोलताना ऐकून त्याचा चेहरा खुलला.

"सर, आमी शुक्रवारी सुट्टीला हाच खेळतो. कमरेला पट्टी लावायची, ती खेचली की गडी थांबला. शिकवाल आमाला?"

"ते माझं खलास झालं. काढलं मला," सर म्हणाले.

"मग बॉल कशाला ठेवलाय?"

सरांनी मला त्याच्या हातातून घेऊन परत कपाटावर ठेवलं. पण शुक्रवारी सकाळी त्यांनी पंप शोधून काढला.

एशियन टाउन या कामगारांच्या बाजारापलीकडे एक मोकळं मैदान होतं. गवताचं पातं नाही, नुसती माती. ड्रायव्हर, सुतार, कारकून असे तेरा गडी जमायचे. पहिले दोन शुक्रवार सर खिशात हात घालून उभे राहिले. तिसऱ्या शुक्रवारी ओरडले, "यल्ला, चला, पाय उचला!" मी धुळकट आभाळात चढलो की छपरं, माणसं, दूरचे टॉवर सगळं उन्हात विरघळून एक व्हायचं. मला खाली यावंसंच वाटायचं नाही.

मग हौशी संघांचे सामने ठरले. यादी बारा जणांची. सरांनी जुन्या सवयीनं सगळ्यात संथ गड्याचं नाव खोडलं. तो शफीक होता.

सराव संपल्यावर त्यांनी त्याला बाजूला घेतलं. मी सरांच्या काखेत होतो.

"शफीकभाई, यादीत तुमचं नाव नाही."

शफीक बुटांकडे बघत खाली बसला. "बरोबर हाय सर. गुडघे साथ देत नाय. पण घरी सांगून बसलोय, टीममधी हाय म्हणून."

सरांचा हात सवयीनं पुढे झाला आणि अर्ध्यावर थांबला. मग ते त्याच्याशेजारी मातीत बसले.

"सर, तुमाला काढला तवा बाजूला कोण बसला होता?"

"कोणीच नाही."

"मग बसा. मला घाई नाय."

ऊन चढेपर्यंत दोघं बसून होते. उठताना सर एवढंच म्हणाले, "मी शंभरेक जणांना तरी हे सांगितलं असेल. त्यांचं पुढे काय झालं, एकालाही विचारलं नाही."

सामन्याच्या दिवशी शफीक येईल असं मला वाटलं नव्हतं. आला, पाण्याचा मोठा थर्मास घेऊन. रेघेबाहेर उभा राहून बघता बघता म्हणाला, "सर, तो पाच नंबर डावीकडे पळायच्या आधी टाच उचलतो." सरांनी निरखून पाहिलं. खरंच! इतकी वर्षं व्हिडिओ बघितलेल्या डोळ्यांतूनही ते निसटलं होतं. पुढच्याच डावात आमच्या सुतारानं पाच नंबरला जागच्या जागी अडवलं. सामना आम्ही सहा गुणांनी हरलो, पण दुसऱ्या सामन्यापासून सर शफीकला विचारल्याशिवाय एकही चाल ठरवत नाहीत.

आता माझी शिवण उसवायला लागली आहे, कातडं धुळीनं राखाडी झालंय. फार दिवस उडेन असं वाटत नाही. जाण्याआधी एक मागणं आहे. कुणाला "तुझं नाव नाही" असं सांगायची पाळी आली, तर लगेच उठून जाऊ नका.

दर शनिवारी संध्याकाळी, अमेरिकेत सकाळ असते तेव्हा, सर मला मांडीवर घेऊन एक फोन लावतात. काढून टाकलेल्या कुणा एकाला. पहिल्यानं नाव ऐकताच फोन ठेवून दिला. दुसरा तासभर बोलला. बोलता बोलता रडला. आज तिसरा. रिंग वाजतेय. सरांचा अंगठा माझ्या शिवणीवरून पुन्हा पुन्हा फिरतोय, दारात गार्गीताई चहाचे कप घेऊन थांबल्यात.

थांबा हं, मी गप्प बसतो. तिकडून कुणीतरी "हॅलो" म्हटलंय.