दोंकाबाईंची स्लाइड

दोंकाबाईंना गप्प बसवणं दोल्ना क्रुशा गावात आजवर कुणालाही जमलं नव्हतं. नवऱ्याला नाही, पाद्रीबाबाला नाही, सरपंचाला तर नाहीच नाही. ते जमलं जिल्ह्याच्या गावी कालिना नावाच्या एका पोरसवदा शिक्षिकेला.

लहान लहान शाळा बंद करायच्या की ठेवायच्या, याचा निकाल जूनमध्ये समिती लावणार होती. प्रत्येक मुख्याध्यापकाने समितीपुढे स्लाइड दाखवून आपली बाजू मांडायची, आणि त्या स्लाइड करायच्या कशा हे कालिना शिकवत होती. दोंकाबाईंच्या शाळेत पाच मुलं उरली होती. शाळा गेली की त्या पाचांना भल्या पहाटे बसमध्ये बसवून तालुक्याला धाडणार, आणि वर्षा-दोन वर्षांत आईबापही बिऱ्हाड घेऊन त्यांच्यामागे जाणार. आसपासची कितीतरी गावं अशीच ओस पडलेली बाईंनी पाहिली होती.

कालिनाचा नियम साधा होता. ज्याची स्लाइड त्याने तोंडाला कुलूप लावायचं. बघणाऱ्यांनी आधी फक्त डोळ्यांत काय भरलं ते सांगायचं, बरं-वाईट मागाहून.

बाईंनी पहिल्या स्लाइडवर शाळेचा अख्खा इतिहास कोंबला होता.

"मला वर तारीख दिसली," शेजारच्या गावचे मेतोदी मास्तर म्हणाले, "आणि खाली मुंग्या."

बाई उसळून काही बोलणार, तोच कालिनाने ओठांवर बोट ठेवलं. सगळ्यांचं झाल्यावर म्हणाली, "बाई, एक चित्र, एक नाव, दोन ओळी. बाकीचं तुम्ही तोंडाने सांगा. बोलायला तुम्ही काही कमी नाही."

मेतोदी मास्तर मिशीत हसले. बाईंनाही ते मनोमन पटलं. घरी जाऊन त्यांनी स्लाइड केली ती अगदी झरझर, हात कुठे अडलाच नाही. इतकं सोपं होतं तर आपण उगाच धास्तावलो, असंही त्यांना वाटून गेलं.

पुढच्या वर्गाला स्लाइड भिंतीवर उमटली. मधोमध शाळेचा फोटो. त्याखाली ठळक अक्षरांत नाव. नावाखाली दोन ओळी: 'शंभर वर्षं गावाला शिकवलं. आम्ही सारे तिचे ऋणी.' आणि नीटनेटकं दिसावं म्हणून भोवती बारीक काळी चौकट.

मेतोदी मास्तरांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि हलक्या आवाजात विचारलं, "कधी गेली?"

दोघंतिघं हसली आणि लगेच गप्प झाली. कारण तोवर सगळ्यांनाच ते दिसलं होतं. त्या भागात माणूस गेलं की त्याचा फोटो, नाव आणि दोन ओळी असलेला कागद घराच्या दारावर, बसथांब्यावर, विजेच्या खांबावर लागतो. चाळिसाव्या दिवशी नवा, सहा महिन्यांनी नवा, वर्षाने आणखी एक. दोल्ना क्रुशात छपाईचं यंत्र काय ते शाळेत, म्हणून गावातल्या प्रत्येक मयताचा कागद वर्षानुवर्षं दोंकाबाईच करत आल्या होत्या. अलीकडे तर पहिलीत नाव घालण्यापेक्षा हेच काम जास्त.

"काय दिसलं ते सांगा," कालिना म्हणाली.

"माझं दार दिसलं," मेतोदी म्हणाले. "माझी बायको वेसा गेली तेव्हा मला तिचा कागद करवेना. दोंका, तूच केलास. असाच होता. चौकटसुद्धा हीच." मग ते म्हणाले, "तू शाळेला पुरलंस गं आधीच."

आपण शाळेसाठी भांडतोय असं बाई इतके दिवस समजत होत्या. हातांनी मात्र केव्हाच आशा सोडली होती. याची त्यांना विलक्षण लाज वाटली.

कालिनाने शेजारी बसून सगळं पुन्हा करवून घेतलं. इमारतीचा फोटो काढून टाकला, चौकटही. अंगणातल्या बर्फात धावणारी पाच मुलं भिंतभर मोठी केली आणि खाली एवढंच लिहिलं: 'सोमवार, सकाळची प्रार्थना चुकवून.' ही स्लाइड लागली तेव्हा वर्ग खळखळून हसला.

समितीतही सगळे हसले. बाई बोलल्याही सुरेख. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "इतकी चांगली मांडणी आज कुणाचीच झाली नाही." मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "पुढच्या वर्षी पहिलीत किती?"

"एकही नाही," दोंकाबाई म्हणाल्या.

"त्याच्या पुढच्या वर्षी?"

"तेव्हाही नाही." जेवणाच्या सुट्टीआधी निकाल लागला. निघताना अध्यक्षीणबाईंनी मागून हाक मारली आणि, इतरांना शिकवायला नमुना म्हणून ही स्लाइड ठेवून घेतली तर चालेल का, असं अगदी आपुलकीने विचारलं. बाई 'हो' म्हणाल्या.

गावात बस थांबली तेव्हा पाचही मुलं थांब्यावर उभी होती. तिसरीतल्या एलित्साने बाईंच्या हातातली पिशवी घेतली.

"आमचा फोटो आवडला त्यांना?"

"खूप आवडला."

"मग शाळा राहिली ना?"

"नाही राहिली, बाळा."

एलित्सा गोंधळली. "मग कमी काय पडलं?"

काय कमी पडलं ते बाईंना ठाऊक होतं. ते या पाचजणांच्या तोंडावर कसं म्हणायचं?

"मला नीट मांडता आलं नाही," त्या म्हणाल्या. "माझंच चुकलं."

एलित्साने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि बाईंचा हात धरला. "असू दे, बाई," ती म्हणाली. "पुढच्या वेळी जमेल."