रत्नमालाचे पालक

कॉलेजातून नाव काढायलाही अंगात जोर लागतो, हे रत्नमालाला ऑफिसच्या खिडकीशी उभं राहिल्यावर कळलं. मुलीचं लग्न उरकून तिनं स्वतः बी.ए.ला नाव घातलं, तेव्हा मुकुंदवाडीच्या अख्ख्या गल्लीनं हसून घेतलं होतं. मग तिच्या सासूबाई, म्हणजे साळूबाई, मोरीत घसरल्या, खुबा मोडला आणि अंथरुणाला खिळल्या. आता रत्नमालाला बघून कुणी हसतही नव्हतं.

"नाव काढायचंय," ती म्हणाली.

खिडकीतले क्लार्क, नानासाहेब, भला माणूस. "एकदम नाव कशाला काढता, ताई? वर्षभराचा खंड घ्या. झालेलं सेमिस्टर वाया जात नाही, जमा राहतं. नाहीतर एखाददुसरा विषय सोडा, बाकीचे चालू ठेवा. तेही नको असेल तर मुक्त विद्यापीठ आहे, घरी बसल्या बसल्या..."

घरी बसल्या बसल्या! रत्नमालाला हसू आलं. घरात ती बसते कधी?

"भाऊ, मला आता कशाचाच विचार करायचा नाही. नाव काढा."

"मग अर्जावर पालकांची सही आणा."

"पालक मीच. मुलगी पुण्यात असते."

"मुलीचे नाही हो, तुमचे."

मागं उभी पोरं खिदळली. नानासाहेबांनाही ओशाळल्यागत झालं, पण नियम तो नियम. त्यांनी अर्ज बाहेर सरकवला.

नवरा, राजेंद्र, शेंद्र्याच्या कंपनीत दुपारपाळीला. फोनवर म्हणाला, "कर की तूच माझ्या नावानं. नाव घालताना मला कुठं विचारलं होतंस?" हे खरंच होतं, त्यामुळे तिनं फोन ठेवून दिला.

घरी येऊन सासूबाईंच्या पायाला तेल चोळता चोळता तिनं सगळं सांगितलं.

"पालक पायजे? मंग मी काय मेले व्हय?" साळूबाईंना एकदम हुशारी आली. "आन तो कागद. पर आदी वाच. न ऐकता आंगठा देनारी मी नाय."

रत्नमालानं औषधाच्या बाटलीवरचं वाचावं तसं वाचलं. कायमचं नाव काढणं. वर्षाचा खंड. काही विषय सोडणं.

"आन इतिहासाचं?"

"तोही सुटेल, आत्याबाई. सगळंच सुटेल."

रोज दुपारी पाय चोळताना ती धडा मोठ्यानं वाचायची, एका कामात दुसरं काम. साळूबाई घोरतात, असाच तिचा समज होता.

"मंग त्या मलिक अंबरचं? डोंगरातून नहर आनत व्हता. पानी पोचलं का गावात?"

"पोचलं असेल की."

"असंल? आपल्या नळाला पानी कवा येतं ठावं हाय ना? आन म्हनं असंल! मी काय दिसभर पंखा बघत पडू?"

"आणि माझे पाय कोण चोळणार?" रत्नमालाच्या तोंडून निसटलं. इतक्या वर्षांच्या नांदणुकीत पहिल्यांदाच.

सासूबाईंनी मान वळवून तिच्या हातांकडे पाहिलं.

"खुबा मोडलाय माझा, हात नाय," साळूबाई हळू म्हणाल्या. "लसून सोलीन, शेंगा फोडीन. आन तुझं कालेज सकाळचं ना? राजा घरीच लोळत असतो. उचलंल आईचं भांडं. त्याचं मीच उचललं व्हतं." मग आवाज चढवून, "ते अर्थशास्त्र तेवढं सोड. लई रडगानं हाय त्यात."

रत्नमालानं 'काही विषय सोडणं' याच्यापुढे खूण केली. सासूबाईंचा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला. त्यांनी असा दाबला, की निळा डाग चौकटीबाहेर फुटला.

खरं तर तिला शिकायचा कंटाळा आला नव्हता. दुपारचं जरा आडवं व्हायचं होतं, एवढंच. आता तेही गेलं. आणि राजेंद्रला भांड्याचं सांगायचं काम वाढलं, ते वेगळंच.

"वाच की," साळूबाई म्हणाल्या.

तिनं तेलकट हात पदराला पुसले, पुस्तक उघडलं, नहर डोंगरापाशी थांबली होती ते पान काढलं, आणि जांभई गिळत वाचायला लागली.