खय्यात आडनावाची माणसं

एझरा खय्यात अबू धाबीला लेकीकडे आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपलं आडनाव एका दुकानाच्या पाटीवर वाचलं.

हेमा त्यांना औषधं घ्यायला घेऊन गेली होती. गाडी लावून ती मागे वळली, तर बाबा फुटपाथवर हात उंच करून उभे. पाटीवरच्या अरबी अक्षरांवरून ते हवेतच बोट फिरवत होते, उजवीकडून डावीकडे. अरबी त्यांना येत नव्हती. लहानपणी वडिलांनी एवढा एकच शब्द गिरवून घेतला होता.

"खय्यात," ते म्हणाले. "हेमा, आपलं नाव. नाजी इथेच होता बघ."

नाजी म्हणजे बाबांचा थोरला भाऊ. पुण्याच्या कॅम्पात आजोबांचं कपडे शिवायचं दुकान होतं. आजोबा बगदादकडचे यहुदी, आजी रेवदंड्याची बेने इस्राएल, म्हणून घरात बोली मराठीच. बाबा दहा वर्षांचे असताना नाजी बापाशी भांडून मुंबईहून बोटीत बसला आणि आखातात उतरला. पुढे रत्नागिरीच्या एका खलाशाने निरोप आणला, की दुबईत खाडीपाशी तो कुणाकडे शिवणकाम करतो. त्यानंतर काही कळलं नाही. बाबा आता ब्याऐंशीचे होते.

"बाबा, खय्यात म्हणजे शिंपी. इथे प्रत्येक शिंप्याच्या दुकानावर तेच लिहिलेलं असतं."

"मला अर्थ माहीत आहे," बाबा जरा तुटकपणे म्हणाले. "पण त्यातली एखादी पाटी नावाची नसेल कशावरून?"

तेव्हापासून ते दिसेल त्या दुकानात शिरू लागले. आत कुठे केरळचा माणूस, कुठे पेशावरचा, कुठे चितगावचा. खय्यात आडनावाचा एकही नव्हता. रिकाम्या हाताने बाहेर पडायचा त्यांना संकोच वाटे, म्हणून ते काहीतरी काम देऊन येत. महिन्याभरात त्यांच्या सगळ्या पँटी आखूड होऊन घोट्याच्या वर आल्या. हेमाने ते पाहिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन, रडणं ऐकू जाऊ नये म्हणून नळ मोठा सोडला.

तिचा नवरा संजय समुद्रातल्या तेलविहिरीवर, ऑफशोअरला होता. अल रीम बेटावरच्या त्या उंच घरात ती, बाबा आणि चौदा वर्षांची लेक वैभवी एवढेच. एका संध्याकाळी वैभवीने आजोबांना आपल्या फोनमधून वाचून दाखवलं.

"आजोबा, लिसन. श्नायडर, पोर्टनॉय, क्रावित्झ, खय्यात. ऑल ज्यूइश नेम्स, ऑल टेलर्स. अँड खय्यात इज एव्हरीव्हेअर. बगदाद, अलेप्पो, बेरूत. मुस्लिम्स, ख्रिश्चन्स, एव्हरीबडी. इट जस्ट मीन्स देअर वॉज अ टेलर."

"असणारच," बाबा म्हणाले. "माझ्या पणजोबांना आडनाव नव्हतंच. गल्लीत दाऊद नावाचे बरेच. पाणी भरणारा दाऊद, सोनार दाऊद, तसा आमचा शिवणारा दाऊद. आमच्या लोकांना जमीन कुठे कोण देत होतं? सुई आणि कात्री खिशात घातली, की कुठूनही उठता येतं. म्हणून घरटी एक शिंपी." मग ते थांबले. "नाजीही तशीच कात्री खिशात घालून गेला."

हेमाला राहवलं नाही. ऑफिसातल्या एका इराकी इंजिनियरला तिने विचारलं. त्याने चार दिवसांनी एक नंबर दिला. शारजात अबू करीम अल खय्यात म्हणून एक वृद्ध गृहस्थ राहतात, मूळचे इराकचे. हेमाने फोन केला. समोरचा आवाज मोडकी हिंदी बोलत होता. "खय्यात परिवार का आदमी ढूंढ रहे हैं," एवढं ती म्हणाली आणि पलीकडून एकदम उत्तर आलं, "आओ, आओ! शुक्रवार को आओ! इन्शाल्ला!"

शुक्रवारी दुपारी ती बाबांना घेऊन गेली. जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, दार आधीच उघडं होतं. अबू करीम इस्त्रीचा पांढरा शुभ्र कंदुरा, तो पायघोळ अरबी झगा, घालून दारातच उभे होते. आत खजूर, कॉफी, फळं, सगळं मांडून ठेवलं होतं. त्यांनी बाबांचे दोन्ही हात धरले आणि बसायच्या आतच विचारलं, "कहाँ है वो? ज़िंदा है?"

बाबा गोंधळले. "मैं तो आपसे पूछने आया हूँ. नाजी. मेरा भाई."

म्हाताऱ्याचा चेहरा हळूहळू उतरला. हेमाला आधी काही कळेना. मग तुकड्यातुकड्यांनी उलगडलं. ते मोसुलचे. लढाईत गल्लीच्या गल्ली पडली. पुतण्या भाकरी आणायला म्हणून गेला, तो परत आला नाही. तेव्हापासून ते त्याची चौकशी करत होते. खय्यात घरच्या माणसाचा शोध चाललाय असं फोनवर कानावर पडलं, आणि पुतण्याचीच बातमी घेऊन कोणी येतंय असं त्यांनी धरलं. आठवडाभर ते वाट बघत होते.

"माफ करो," हेमा कशीबशी म्हणाली. "मेरी गलती है."

"नहीं बेटी." त्यांनी कॉफी ओतली. थोडी बशीत सांडली. "हमारी गली में आधे लोग खय्यात. मुसलमान, ईसाई. मेरे बाप के टाइम में यहूदी भी." ते बाबांकडे पाहत राहिले. "आप यहूदी?"

हेमाने बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. इस्राएलचं युद्ध सुरू झाल्यापासून हा प्रश्न आला की ती विषय बदलत असे. बाबांनी मात्र तिचा हात बाजूला केला. "हाँ."

अबू करीमनी खजुराची ताटली बाबांच्या पुढे सरकवली. दोन्ही म्हातारे मान खाली घालून खजूर खात बसले.

परतताना गाडीत बाबा म्हणाले, "आता पुरे. त्या माणसाला मी उगाच आशा लावली." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "मी नाजीसाठी कद्दिश कधी म्हटला नाही. आई म्हणायची, जिवंत असला तर? मेलेल्या माणसासाठीची प्रार्थना जिवंतावर कशी म्हणायची? पण तो आता एक्क्याण्णव वर्षांचा असता. म्हणून टाकू या."

कद्दिशला दहा यहुदी पुरुष लागतात. हेमाने ओळखीतून ओळख काढली. दुबईत एका व्हिलात लोक जमतात असं कळलं. बाहेर पाटी नव्हती. रविवारी सकाळी दारावर ओळखपत्रं तपासून त्यांना आत घेतलं. आत घडीच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. प्रार्थना चालवणाऱ्या तरुणाने अदबीने इंग्रजीत विचारलं, "कोणासाठी?"

"नाजी खय्यात."

"आडनाव नको, सर. प्रार्थनेत आडनाव घेत नाहीत. नाव आणि वडिलांचं नाव."

बाबा त्याच्याकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "नाजी बेन योसेफ."

बाबा धरून आठच पुरुष जमले होते. तरुणाने फोन केले. एकाने ट्रॅफिकचं कारण सांगितलं, दुसऱ्याने फोन उचलला नाही. "हल्ली लोक यायला घाबरतात," तो ओशाळून म्हणाला. बरीच वाट पाहून त्याने पुस्तक बंद केलं. कद्दिश होणार नव्हता. स्तोत्र तेवढं म्हणता येईल. सगळ्यांनी ते म्हटलं, बाबांनी मोठ्याने म्हटलं आणि डोक्यावरची टोपी सावकाश घडी करून खिशात ठेवली.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. गाडीत बसल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे अजून तो गेला नाही म्हणायचं."

हेमाने एसी लावला आणि गाडी रस्त्यावर घेतली.

पुढच्या आठवड्यात बाबांनी पुण्याला परत जायचं ठरवलं. हेमाने थांबा म्हटलं, वैभवीने म्हटलं, पण त्यांनी ऐकलं नाही. विमानतळाच्या काउंटरवर एक अरब मुलगी होती. तिने पासपोर्ट उघडला आणि तिचा चेहरा खुलला. "खय्यात! माय मदर्स फॅमिली! फ्रॉम अलेप्पो!"

हेमाने बाबांकडे पाहिलं. महिन्यापूर्वी त्यांनी बॅग तिथेच ठेवून त्या मुलीला शंभर प्रश्न विचारले असते.

"यस," बाबा म्हणाले. "देअर आर मेनी."

त्यांनी पासपोर्ट घेतला, हेमाच्या पाठीवर एकदा थोपटलं आणि आखूड पँटीत, हळूहळू पावलं टाकत, ते सिक्युरिटीच्या रांगेत जाऊन उभे राहिले.