हेडसेटमधली पावडर

लेकीच्या खेळघरात माझं काम हेडसेट पुसण्याचं होतं. डोळ्यांवर तो डबा चढवला की माणूस बसल्या खोलीत डोंगर चढतो, चेंडू टोलवतो, तलवार फिरवतो आणि घामाघूम होऊन बाहेर येतो. डोंगर खोटा असला तरी घाम खरा असतो. तो हेडसेटच्या गादीत मुरतो आणि पुढच्याच्या कपाळाला लागतो. तो लागू नये म्हणून मी.

मला त्यात नवीन काही वाटलं नव्हतं. माझं सगळं तारुण्य एका नाटक कंपनीच्या कपडेपटात गेलं. तिथे राजाचा टोप एकच होता आणि राजे दोन. एकाचा घसा बसला की दुसरा उभा राहायचा. अंक संपला की टोप माझ्या हातात यायचा, गरम, ओलसर, माणसाच्या वासाचा. मी आतून टिपून घ्यायचे, चिमूटभर पावडर चोळायचे, उलटा करून टपली मारायचे. "बाई, तुमच्या हातचा टोप डोक्यावर आहे हे कळतसुद्धा नाही," असं थोरले राजे म्हणायचे. ते गेले, कंपनी गेली, टोपाला कसर लागली. तो वास मात्र मला अजून आठवतो, आणि खरं सांगायचं तर आवडतो.

लेकीचे नियम वेगळे होते. प्रत्येक गिऱ्हाइकानंतर सिलिकॉनचं कव्हर काढायचं, पुसायचं, पूर्ण वाळू द्यायचं, मगच परत चढवायचं. भिंगांना ओलं काही लावायचं नाही, दुसरं कुठलं फडकंही नाही. त्यांचं मऊ कापड निराळं. पट्टा डोक्याच्या मागच्या उंचवट्याखाली बसला पाहिजे, म्हणजे वजन गालांवर येत नाही. ती सांगायची, मी मान डोलवायचे.

"आई, मान नको डोलवू. करून दाखव."

"अगं, तू जन्मायच्या आधीपासून मी लोकांना मुकुट चढवतेय."

"मुकुटाला भिंगं नसतात, आई."

खेळघरात सुट्टीच्या दिवशी पोरांची झुंबड आणि एरवी शुकशुकाट. म्हणून लेकीने मोठ्या रुग्णालयातल्या एका डॉक्टरीणबाईंच्या मागे लागून त्यांना बोलावलं होतं. लकवा होऊन हात आखडलेले, मान धरलेले त्यांचे रुग्ण खेळता खेळता व्यायाम करतील, असा बेत होता. तो जमला तर खेळघर तगणार होतं, नाहीतर कुलूप. लेकीला रात्रभर झोप नव्हती. मलाही नव्हती, पण मी तिला तसं दाखवलं नाही.

नेमका त्या दिवशी एसी बंद पडला. हवा दमट, कव्हरं काही केल्या वाळेनात. बाहेर डॉक्टरांची गाडी लागली. लेक त्यांना घ्यायला दाराशी धावली आणि मी ओलसर कव्हरं हातात धरून उभी राहिले. तेव्हा मला टोप आठवला. पिशवीत पावडरचा डबा होताच. चोळली, टपली मारली. बोट फिरवून बघितलं तर रेशमासारखं. मी स्वतःवर खूश झाले.

डॉक्टरीणबाईंनी हेडसेट घातला. उडते चेंडू पकडायचा खेळ होता. पहिले चेंडू त्यांनी डॉक्टरसारखे पकडले, मग लहान मुलीसारख्या उड्या मारायला लागल्या. लेकीने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. एवढ्यात त्यांना शिंक आली. मग दुसरी. त्यांनी हेडसेट ओढून काढला. डोळे लाल, पाण्याने भरलेले, आणि भोवती पांढरं रिंगण, कपाळापासून गालांपर्यंत. बरोबर आलेल्या मदतनीस मुलीला हसू फुटलं. तिने ते रुमालात दाबलं, तरी ऐकू आलंच.

मी धावले. त्यांच्या हातातला हेडसेट घेतला आणि खिशातल्या रुमालाने भिंगं खसाखसा पुसली. लेक "नको!" म्हणाली, पण तोवर काम झालं होतं. भिंगांवर बारीक रेघा उठल्या.

"हे काय लावलंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "माझ्या रुग्णांतल्या कुणाचे डोळे अधू, कुणाला श्वासाचा त्रास. ह्या कोण?"

लेकीने माझ्याकडे बघितलं. मग नजर काढून घेतली.

"मावशी नवीन आहेत," ती म्हणाली. "मावशी, तुम्ही जरा आत जा."

"चुकलं, मॅडम," मी लेकीला म्हणाले.

मी आत गेले. दारापलीकडून ऐकू येत होतं. "यांना काढून टाका. त्यांनी यंत्राला हात लावला तर मी रुग्ण पाठवणार नाही." आणि लेकीचा आवाज, "नाही लावणार."

घरी आल्यावर ती चपला न काढताच खुर्चीत बसली.

"मी त्यांना आधीच सांगून बसले होते, की आमचे लोक शिकवून तयार केलेले आहेत. मग आता कसं म्हणणार..."

"बरं केलंस."

"बरं कसलं, आई!"

"मॅडम म्हणायला मला काय जड गेलं? जन्मभर साहेब साहेबच करत आले."

ती हसली नाही. मीही खोटंच बोलले होते. चारचौघांत फजिती झाली, भिंगं माझ्या हातून गेली, त्याची लाज होतीच. पण तो शब्द माझ्या तोंडून न अडखळता गेला, कुणीतरी आधी पाठ करून घेतल्यासारखा, त्याची लाज जास्त होती.

रुग्ण यायला लागले. मी आतल्या खोलीत कव्हरं धुवायचे आणि पंख्याखाली टांगायचे. डॉक्टरीणबाईंचा आवाज आला की दार लोटून घ्यायचे. असं करायला लेकीने मला सांगितलं नव्हतं. नको असंही सांगितलं नव्हतं.

एका सकाळी डॉक्टरीणबाईंबरोबर एक निवृत्त मास्तर आले होते, डावं अंग लुळं पडलेले, पण भारी उत्साही. "अजून एक डाव, अजून एक," असं त्यांचं चाललेलं मला आत ऐकू येत होतं. मग एकदम आवाज थांबला. त्यांना चक्कर आली होती. एका बाजूने लेकीने त्यांना कवेत धरलं, दुसऱ्या बाजूने डॉक्टर पट्टा सोडवू लागल्या, आणि मागे टेकायला काही नव्हतं.

"आई, खुर्ची!" लेक ओरडली. "आई, लवकर!"

मी खुर्ची घेऊन गेले. मास्तरांना बसवलं, पाणी दिलं. त्यांच्या कपाळावर हेडसेटचा लाल वळ उठला होता, तो मी ओल्या रुमालाने टिपला. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला, आणि मग खोलीत कुणाला करायला काही उरलं नाही.

"तुम्ही यांना आई म्हणालात," डॉक्टर म्हणाल्या.

लेक हातातल्या पट्ट्याशी चाळा करत होती. "आई आहे माझी."

"पण त्या दिवशी..."

"त्या दिवशीही होती."

डॉक्टरीणबाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्या माझ्याकडे वळल्या. "मी तुम्हाला काढून टाका म्हणाले होते. तुम्हाला ऐकू गेलं असेल."

"गेलं. पण चूक माझीच होती, डॉक्टर."

"मला कोणी सांगेल का," मास्तर खुर्चीतून म्हणाले, "मी जिंकलो की हरलो?"

डॉक्टरांनी टेबलावरचा हेडसेट उचलून माझ्यापुढे धरला. "पुढच्या रुग्णासाठी हा तुम्ही तयार करा. मी इथे उभी राहून बघते."

ही माफी होती की परीक्षा, मला अजून कळलेलं नाही. मी कव्हर काढलं. पुसलं, पूर्ण वाळू दिलं. मी मान वर केली नाही. शेवटी केली तेव्हा समोरच्या काचेत लेक दिसली, माझ्या शेजारी उभी. तिचीही मान तशीच खाली, खालचा ओठ माझ्यासारखाच दाताखाली धरलेला. आम्ही मायलेकी आहोत हे त्या घटकेला कुणाला सांगावं लागलं नसतं.