बसून राहिलेली गाडी

नीलांबरीने ती गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्या पुढच्या दिव्याच्या बेचक्यात चिमणीने काड्या आणून ठेवल्या होत्या.

भिंगारच्या छावणीत एका गोऱ्या कॅप्टनच्या बंगल्यामागे पत्र्याची शेड होती, तिथे विटांच्या थरांवर ती चढवून ठेवलेली होती. हिरवी, लांब नाकाची, कापडी टपाची आणि दोनच माणसांची. साहेबाने हौसेने आणली आणि वर्षभरात लढाई सुरू झाली. साहेब गेला इजिप्तकडे, गाडी राहिली विटांवर. आता सत्तेचाळीसच्या थंडीत साहेब कायमचा मायदेशी निघाला होता. गाडी बोटीवर कुठे नेणार? म्हणून मिळेल त्या किमतीला द्यायला तयार झाला होता.

नीलांबरीचा नवरा शामकांत वकिली करायचा. त्याचा शाळेपासूनचा मित्र हैदर, त्याचं नगरात मोटारींचं गॅरेज होतं. हैदरने दार उघडून आत डोकं घातलं आणि म्हणाला, "मीटरवर जाऊ नकोस शाम. ही पायाखालच्या पेडलांवरची रबरं बघ. नक्षी शाबूत आहे. खरंच पळालेली नाही."

"मग चांगलीच की," नीलांबरी म्हणाली.

"तसं नसतं वहिनी. पळून दमलेली गाडी दुरुस्त होते. बसून राहिलेली रुसते. आतलं रबर वाळतं, पेट्रोलचा गोंद होतो. घेतलीत तर आठ दिवसांतून एकदा तरी पळवायची."

गाडी घरी आली. हैदरने टाकी धुतली, नळ्या बदलल्या, टायर बदलले. तो काम करायचा तेव्हा नीलांबरी चहाचं निमित्त करून बाहेर यायची आणि चहा निवेपर्यंत तिथेच उभी राहायची. हे काय, ते कशाला, हा पट्टा कशाला फिरतो? पट्ट्यावर पंखा फिरतो, पाणी फिरतं, इंजिन थंड राहतं, हे तिला तेव्हाच कळलं. शामकांतने तिला शब्द दिला होता, गाडी घरात टिकली तर तुला चालवायला शिकवीन.

पण टिकणं न टिकणं सासूबाईंच्या हातात होतं. पुष्पावतीबाईंना गाडी पहिल्या दिवसापासून पसंत नव्हती.

"गाडी घेतली तीही दोघांपुरती! मी काय टपावर बसू?"

"आई, टप कापडी आहे," शामकांत म्हणाला.

"तेवढंच बाकी होतं!" मग त्यांनी निकाल सांगून टाकला. "शनिवारी शिंगणापूरला नेऊन शनीला तेल वाहायचं. जाऊन येऊन न थांबता घरी आली तर राहील. वाटेत बसली तर आल्या पावली विकायची. गोऱ्याची पनवती मला दारात नको."

शनिवारी तेल विकत घ्यायचं नाही, म्हणून तेलाची बरणी शुक्रवारीच आली. शनिवारी सकाळी पुष्पावतीबाई शामकांतशेजारी बसल्या, मांडीवर बरणी घेऊन. नीलांबरी मागच्या सामानाच्या जागेत पूजेच्या टोपलीसकट, गुडघे हनुवटीला लावून.

जेऊर मागे पडलं आणि तिला पुढून काहीतरी ऐकू आलं. चिमणीच्या पिलासारखं. ची ची ची.

"अहो, घरटं काढलं होतं ना आपण?"

"कधीच! का?"

"काही नाही." पण तिचा कान तिथेच राहिला. गाडीचा वेग वाढला की आवाज वाढायचा. म्हणजे पिलू नव्हे. फिरणारं काहीतरी होतं. हा आवाज आपण पूर्वी ऐकलाय, एवढं तिला पक्कं वाटत होतं. कुठे, ते आठवेना.

इमामपूरचा घाट उतरून, घोडेगाववरून गाडी शिंगणापूरला सुखरूप पोचली. कुलूप लावायला शामकांतने किल्ली काढली तर पुष्पावतीबाई म्हणाल्या, "या गावात घरांना दारं नाहीत आणि तू गाडीला कुलूप लावतोस?" त्याने मुकाट्याने किल्ली खिशात टाकली. तेल वाहिलं, राळेचा धूप जाळला, उरलेली राळ पुडीत बांधून नीलांबरीने टोपलीत ठेवली.

परतताना घाट चढायचा होता. निम्म्या चढावर चिवचिवाटाची किंकाळी झाली, पुढच्या झाकणातून वाफ उसळली आणि शामकांतला गाडी कडेला घ्यावी लागली.

मग पुष्पावतीबाई म्हणाल्या, "थांबली."

मागून एक बैलगाडी येत होती. गाडीवानाने बैल उभे केले. "काय झालं वकीलसायेब? लावू का माझे बैल फुडं? लई नाक काढलंय हिनं, पन दम न्हाई!"

"गहिनीनाथ, तू आपला चल," शामकांत ओशाळून म्हणाला. कोर्टातला पक्षकार नेमका आजच भेटायचा होता.

"व्हय, व्हय. घुंगरं बांधा तिला!" हसत गहिनीनाथ पुढे गेला.

नीलांबरी मागच्या जागेतून बाहेर आली. वाफ ओसरल्यावर तिने शामकांतकडून इंजिनावरचं झाकण उघडून घेतलं आणि वाकून पाहिलं. पट्टा जागेवर होता, तुटलेला नव्हता. मग पाणी का तापलं? तिने पट्ट्याला बोट लावलं. बोट सरकन घसरलं. तिने ते नाकाशी नेलं.

तिळाचं तेल!

आणि पट्ट्यामागच्या लोखंडावर एक टिकली होती. हळदीची, त्यावर कुंकवाची.

तिने मान वर केली. पुष्पावतीबाई दरीकडे पाहत होत्या. जरा जास्तच एकाग्रतेने.

त्याच क्षणी तिला आवाज आठवला. राहुरीला, माहेरच्या घराला लागून लंकाबाईची पिठाची गिरणी होती. पट्ट्यावर तेल उडालं की तो असाच ओरडायचा, नुसता घसरायचा आणि जातं फिरायचं नाही. मग लंकाबाई मुठीत काहीतरी घेऊन यायच्या.

"आई, टोपलीतली राळेची पुडी द्या."

"राळ? इथं धूप जाळतेस?"

"द्या तर."

तिने आधी पट्टा फडक्याने पुसला, कोरड्या मातीने घासला, पुन्हा पुसला. राळ दगडाने बारीक करून पट्ट्यावर चोळली. इंजिन निवल्यावर कडेच्या झऱ्याचं पाणी तांब्याने आणून भरलं. शामकांतने गाडी सुरू केली. चिवचिवाट नव्हता. पंखा झपाझप फिरत होता.

"पण तेल आलं कुठून?" शामकांतने विचारलं. "हैदर असं करणार नाही."

नीलांबरी फडक्याची घडी घालत राहिली.

"मी लावलं," पुष्पावतीबाई म्हणाल्या. "लोखंड शनीचं. त्याच्याकडं कोरडं न्यायचं नाही. आमच्याकडं बैलगाडी जत्रेला निघाली की आधी वंगण पडायचं. मला वाटलं, हा पट्टा वाळलाय बिचारा."

"तुला तर गाडी नको होती!"

"नको होती म्हणून काय कोरडी पाठवू?" त्या फणकारल्या. मग पदर सावरून गाडीकडे बघत म्हणाल्या, "आपण होऊन नाही थांबली ती. मी थांबवली. तेव्हा ते धरायचं नाही."

शामकांतला हसू आवरेना. "म्हणजे ठेवायची?"

"ठेव. पण हैदर काय म्हणाला होता? आठ दिवसांतून एकदा पळवायची. तुला कोर्ट. मग पळवणार कोण?" त्यांनी नीलांबरीकडे पाहिलं. "शिकव हिला. कान चांगला आहे हिचा."

नीलांबरीला हसावं की वाकून नमस्कार करावा, कळेना. दोन्ही करायच्या आत सासूबाई उघड्या इंजिनावर तिच्या शेजारी येऊन ओणवल्या होत्या.

"पट्ट्याला घालायचं नाही, कळलं. मग घालतात कुठं तेल? दाखव."

नीलांबरीने तेल मोजायची लोखंडी पट्टी ओढून काढली. टोकाला काळं तेल चमकलं. पुष्पावतीबाईंनी त्याचा वास घेतला, नाक मुरडलं आणि विचारलं, "आणि ही नळी? ही कुठं जाते?"

शामकांत स्टिअरिंगच्या चाकामागे बसून वाट पाहत राहिला. बराच वेळ.