ट्यूनरच्या दोन पिना

पाहुण्यांनी करमाड सोडल्याचा फोन आला तेव्हा हिमानीनं मनातल्या मनात वेळ मोजला. अर्धा तास तरी नक्की. आणि आपलं काम जेमतेम दहा मिनिटांचं. आजोबांना तिनं ऐटीत सांगून टाकलं होतं, की पाहुण्यांच्या देखत तुमचा ट्यूनर वाजवून दाखवते.

हेमचंद्र आजोबांचा हा रेडिओचा ट्यूनर वीस वर्षं मुका होता. तसा तो बिघडलेला नव्हताच. त्याला स्वतःचा स्पीकर नाही, तो नुसतं स्टेशन पकडतो आणि आवाज दुसऱ्याच्या हवाली करतो, हे नववीतल्या हिमानीनं शोधून काढलं. तोवर घरच्यांनी त्याच्यावर फुलदाणी ठेवली होती. मग औरंगपुऱ्यात चार दुकानं पालथी घालून तिनं एका टोकाला पाच काड्यांचं गोल तोंड आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या पिना असलेली वायर मिळवली. ट्यूनरकडचं टोक बसलं. राहिला बाबांचा नवा स्टिरिओ.

आणि तिथंच सगळं अडलं. मोतीराम सुतारानं स्टिरिओची शोकेस थेट भिंतीला ठोकली होती. स्टिरिओच्या पाठीमागं जायचं तर खालच्या गोधड्यांच्या कपाटात शिरायचं आणि फळीच्या भोकातून वर हात घालायचा, दुसरा रस्ताच नाही. हिमानीनं गोधड्या बाहेर काढल्या, ट्यूनर चालू करून स्टेशन लावलं, स्टिरिओचं बटण ट्यूनरवर फिरवलं, आत ऐकू येईल इतका आवाज ठेवला आणि पिना हातात नि छोटा टॉर्च दातांत धरून आत सरपटली.

पिनांची जागा सापडली, तोच बेल वाजली. करमाड सोडल्याचा फोन पाहुण्यांनी पार शहराला लागून असलेल्या चिकलठाण्यात पोचल्यावर केला होता.

पसरलेल्या गोधड्या आईनं पाहिल्या, दोन कवेत सगळ्या कपाटात कोंबल्या आणि बाहेरून कडी घातली. आत पोरगी आहे हे तिच्या गावीही नव्हतं.

हिमानी ओरडणारच होती. पण तेवढ्यात बाबांचं ‘या, या’ ऐकू आलं. ताईला बघायला आलेल्या लोकांसमोर तिची बहीण कपाटातून निघाली तर केवढी शोभा! ती गप्प राहिली. मान वाकडी, गुडघे छातीशी, पायांवर गोधड्यांचं ओझं आणि नाकात डांबरगोळ्यांचा वास. पिना तिनं जपून लांब धरल्या होत्या. जरा टेकल्या असत्या तर घर दणाणलं असतं. ज्या कामासाठी आत आली, नेमकं तेच आता करता येत नव्हतं.

मृण्मयीताई शेंद्र्याच्या कारखान्यात इंजिनिअर. तिची अट एकच, नोकरी सुटणार नाही. मुलाच्या आईनं सगळ्यांसमोर सांगितलं की आमची काही हरकत नाही. ताईचा आवाज हलका झाला, हे हिमानीला फळीतूनही कळलं. मग ताई आणि तो मुलगा, केयूर, बोलायला गच्चीवर गेले, आई पोह्यांकडं गेली, बाबा आजोबांना आणायला. खोलीत केयूरचे आईवडीलच उरले.

“नोकरीचं कसं जमायचं पण?” वडिलांनी हळूच विचारलं.

“आत्ता व्हय म्हणायचं. घरात आली की दोन महिन्यांत सोडती आपसूक.”

हिमानीच्या पायांना आलेल्या मुंग्या थेट डोक्यात चढल्या.

ताई परतली, ती हसतच. बाबांनी पेढे मागवले. बाबांचं एक होतं: चार माणसांत तोंड गोड केलं की शब्द दिला, मग काही झालं तरी माघार नाही. मागाहून सांगून काय उपयोग? हिमानीनं दाराला लाथ मारली, ती गोधडीनं गिळली. “ताई” म्हणून हाक मारली, ती बाहेरच्या हसण्यात बुडाली. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

तिनं चाचपडत दोन्ही पिना दाबून बसवल्या.

“गव्हावर तांबेरा दिसताच शेतकरी बंधूंनी…” दोन्ही स्पीकर एकदम गरजले. कपबशा खळखळल्या.

“अरं, हा तर माझा ट्यूनर!” आजोबा तेवढे खूश झाले. बाबा वायरीचा माग काढत खाली वाकले, कडी काढली, आणि गोधड्यांसकट हिमानी पाहुण्यांच्या पायाशी येऊन पडली.

कुणी हसलं नाही. बाबांचे डोळे पाहून क्षणभर तिला वाटलं, कडी परत लावली तर बरं.

“ताई, पेढा खाऊ नको,” ती बसल्या जागेवरून म्हणाली. “काकूंना नोकरीचं परत विचार. मघाशी इथं दोघंच होते तेव्हा त्या म्हणाल्या, दोन महिन्यांत तू सोडशील म्हणून.”

“आई, खरंय का?” केयूरनं विचारलं.

स्पीकरवरचा माणूस औषधाचं प्रमाण सांगत राहिला. काकूंनी पदर सारखा केला.

“मग घर कोण बघणार?”

ताईच्या बोटांत पेढा होता. तिनं तो डब्यात परत ठेवला. बाबांनी कुणाकडंही न बघता डबा उचलला आणि आत नेला. ताई खाली वाकून हिमानीचा पाय गोधड्यांतून सोडवू लागली.