मला शेकू नका हो!

आधीच सांगून ठेवते, मला नुसती गिटार म्हणू नका. मी बास. चार जाड तारा, लांब मान आणि आवाज असा खोल की पुष्कळांना मी वाजतेय हेच कळत नाही. त्याचं वाईट वाटून घ्यायचं मी केव्हाच सोडलंय.

माझी पहिली वर्षं कॅनडातल्या विंडसरला गेली. गाड्यांच्या कारखान्यातला एक माणूस सुट्टीच्या दिवशी मला गराजमध्ये वाजवायचा. त्याची बोटं आखडायला लागली तेव्हा त्याने मला शैलेंद्रच्या हातात दिलं. शैलेंद्र तेव्हा तिथे कॉलेजात शिकत होता. पुढे त्याला केंब्रिजला नोकरी लागली, लग्न झालं, घर झालं. त्याने घर बदललं की दरवेळी मी पुढच्या सीटवर बेल्ट लावून बसले आहे. धम्मप्रिया, म्हणजे त्याची बायको, मागे बसायची. हे ती अजून विसरलेली नाही.

दर एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीला इकडची आपली मंडळी हॉल घेतात. गाण्याच्या ग्रुपमध्ये बास शैलेंद्रचा. वर्षभर मान खाली घालून ऑफिस करणारा माणूस त्या दिवशी स्टेजवर ताठ उभा राहतो. मी त्याच्या पोटाला टेकलेली असते, म्हणून मला माहीत.

या हिवाळ्यात मात्र माझं बिनसलं. कुठेही बोट ठेवा, तार खरखरायची. शैलेंद्रने तारा बदलल्या. मग तारा जिथे अडकतात तो ब्रिज बदलला. मग आवाज पकडणारे पिकअप. मग केबल, मग खांद्याला अडकवायचा पट्टासुद्धा. पट्ट्याने खरखर कशी जाईल हे त्याचं त्यालाच ठाऊक. पोर्चवर रोज खोका. धम्मप्रिया नुकतीच बाळंत झालेली, ती जिन्यावरून म्हणायची, "पोरीच्या डायपरपेक्षा हिचीच पार्सलं जास्त येतात."

"हे शेवटचं गं."

"मागचं पण शेवटचंच होतं."

इतकं करूनही खरखर गेली नाही. मग एका संध्याकाळी त्याने ग्रुपला कळवलं, यंदा मला धरू नका. आणि माझा फोटो काढून विकायला टाकला. फोटोसाठी मला पुसलं, तेही माझ्याकडे न बघता.

आता खरी गोष्ट सांगते. शैलेंद्रची आई, प्रभाबाई, वर्ध्याहून सुनेच्या बाळंतपणाला आलेली. तो ऑफिसला गेला की ती छकुलीला तेल चोळायची, आंघोळ घालायची. शेक द्यायला शेगडी कुठली? मग जमिनीतल्या जाळीतून हीटिंगची गरम हवा येते, तिथे पोरीला घेऊन बसायची. पोर झोपली की बेसमेंटमधून मला वर आणायची. मलाही खोबरेल चोळायची आणि त्याच जाळीवर आडवी ठेवायची. तो यायच्या आत मी परत खाली. माझ्या वस्तूंना हात लावू नको असं तो कधीतरी बोलला होता ना. मला ते ऊन ऊन बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण आतून मी वाळत होते.

शनिवारी वॉनहून कृतिका नावाची मुलगी मला बघायला आली. तिकडच्या एका गाण्याच्या ग्रुपात बास वाजवते. जयभीम झाला, बूट काढले, मला मांडीवर घेतलं. एक डोळा मिटून तिने माझी मान पाहिली. मग बोटांचा वास घेतला.

"दादा, हिला हीटरजवळ ठेवता का?"

"छे, बेसमेंटमध्ये असते स्टँडवर."

चहा घेऊन आलेली प्रभाबाई म्हणाली, "कायची बेसमेंटमधी? रोज तं मी वर आणते. पोरीले शेकलं का हिले शेकते. तेल बी लावते थोडं."

धम्मप्रियाने तोंडावर ओढणी धरली.

"आई, तू गिटारला शेक दिलास?"

"मंग? लाकडाले का थंडी नाही वाजत? खालच्या भिंतीले हात लावून पाह्य जरा, कशी गार हाय."

शैलेंद्र कोपऱ्यातल्या खोक्यांकडे बघत राहिला. कृतिका हसू दाबत म्हणाली, "हिचं लाकूड सुकून मान वाकलीय, एवढंच. गप्प बसून घेऊन गेले असते तर माझ्याकडे आरामात नीट झाली असती. पण आजींचा चहा प्यायलेय, आता कसं गप्प बसू? मानेत सळई असते, ती चावीने हळूहळू फिरवा. हिला बंद केसमध्ये ठेवा, आत ओला स्पंज ठेवा. जयंतीला वाजवा. नाहीच जमलं तर मी आहेच."

प्रभाबाईचा चेहरा उतरला. "म्हंजे मीच बिघडवली म्हना."

 मला वाटलं, मीच ओरडून सांगावं, बाई, आजवर कितीजणांनी मला वाजवलं, थंडी वाजते का असं तुझ्याशिवाय कोणी विचारलं नाही.

धम्मप्रिया म्हणाली, "आई, तुमच्या तेलाला खर्च तरी नव्हता."

शैलेंद्र हसला आणि फोन घेऊन विक्रीला टाकलेला माझा फोटो काढून टाकला. प्रभाबाईने डोळे पुसून विचारलं, "बरं, मंग पानी केव्हा पाजाचं तिले?"

तेव्हापासून स्पंज ओला करायचं खातं तिच्याकडे. शैलेंद्रने चावी रोज इतकीशी फिरवली, जास्त नाही. खरखर कमी होत होत गेली. त्याने ग्रुपला परत कळवलं, मी येतोय.

जयंतीच्या दिवशी हॉल भरला होता. प्रभाबाई पहिल्या रांगेत खुर्चीवर मांडी घालून, मांडीत छकुली. गाणं सुरू झालं. ढोलकी ऐकू येत होती, पेटी ऐकू येत होती. तिने सुनेला कोपराने ढोसलं. "आपल्या शैलूचा आवाज कोनता व? मले तं ऐकूच नाही येत."

"आई, पाय खाली सोडा. जमिनीला टेकवा."

तिने मांडी मोडून पाय माझ्या आवाजाने थरथरणाऱ्या लाकडी जमिनीवर टेकवले. मी शैलेंद्रच्या बोटांखाली होते. तिचे पाय मला तिथून दिसत होते. गाणं संपेपर्यंत तिने ते उचलले नाहीत.

तर मंडळी, माझं एवढंच मागणं आहे. आम्हाला शेकू नका, थोडं पाणी विचारा. आणि कधी अशा कार्यक्रमाला आलात, तर माझा आवाज शोधत बसू नका. पाय खाली सोडून बसा.